कॉम्प्युटर बंद पडला, पण धंदा का थांबला?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझी एक चूक सांगितली. त्यातून शिकलेल्या गोष्टी इथे लिहून देतोय, म्हणजे तुम्हाला हाताशी राहतील.

मी तेव्हा पॅकिंग मटेरियलचा धंदा करत होतो. १९ तारखेच्या संध्याकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख! मी काय केलं? पाच-सहा वेळा बटण दाबलं, डब्याला दोन चापट्या मारल्या आणि बिलिंग करणाऱ्या मुलीवर ओरडलो. तिची काहीच चूक नव्हती.

रिपेअरवाला म्हणाला, "साहेब, हार्ड डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

होता की! त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये.

रिटर्न उशिरा गेलं. त्याची लेट फी दिवसाला ५० रुपये, शिवाय थकलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज. पण तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. खरा फटका उधारीचा बसला. जीएसटी नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकांची आधीची बिलं पोर्टलवर मिळाली, पण कोणी किती पैसे दिले ते तिथे नसतं. मलाच फोन करून विचारावं लागलं, "आपलं किती बाकी आहे हो?" बऱ्याच जणांनी खरं सांगितलं. काही जण म्हणाले, "सगळे दिले की मागेच!" वाद कशाच्या जोरावर घालणार?

मशीन कधीतरी बिघडणारच. त्या दिवशी धंदा चालू राहील, एवढी सोय आपल्या हातात आहे.

१. बॅकअप दुसरीकडे ठेवा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. पेनड्राइव्ह काम झालं की काढून घ्या. फाइली लॉक करणारा व्हायरस आला तर लावलेला पेनड्राइव्हही जातो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला नाही, तर तो बॅकअप नाहीच.

२. उधारीची यादी दर शनिवारी प्रिंट करा. एक-दोन कागदांचा खर्च आहे.

३. हाताने लिहायचं बिलबुक ठेवा. बिलनंबरची सिरीज वेगळी घ्या, म्हणजे नंबर दोनदा येणार नाहीत. नंतर ती बिलं सिस्टिममध्ये चढवा.

४. यूपीएस घ्या. लाइट गेल्यावर काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता तो असतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, लोड झेपत नाही.

५. बिघाडाची वही करा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, ते लिहा. स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा. रिपेअरवाल्याला "चालत नाही" एवढंच सांगितलं तर त्याचाही वेळ जातो आणि आपलाही.

६. रिटर्न १५ तारखेपर्यंत तयार ठेवा. शेवटच्या दिवशी काहीही अडू शकतं.

आणि हो, माणसांवर ओरडू नका. त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तिच्याच डायरीत चाळीसेक गिऱ्हाइकांची बाकी लिहिलेली निघाली! माझे निम्मे पैसे त्या डायरीमुळे परत आले.

आज शटर ओढण्याआधी एकच काम करा: तुमचा बॅकअप नक्की कुठे आहे ते बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!