नऊची शाळा, सहाची सकाळ

मुलुंड पूर्व, मिठागर रोडला लागून असलेली जुनी चार मजली सोसायटी. जुलै महिना. सहा वाजून दहा मिनिटं झालीत आणि वहिनीची तिसरी पोळी तव्यावर आहे. आई खुर्चीत बसून फरसबीच्या शिरा काढतेय. पाऊस रात्रीपासून धरून बसलाय. नाशिकहून माहेरी आलेली मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, कारण या घरात आत्ता कोणाच्या पायात न येता उभं राहायला तेवढीच जागा आहे.

जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती आतल्या खोलीत पालथी पडलीय. चिऊ. वय सात, इयत्ता दुसरी. एक पाय पांघरुणाबाहेर, एक हात बाबाच्या रिकाम्या उशीवर. बाबा, म्हणजे माझा दादा, मघाशीच रेनकोट चढवून बाईकवरून ऐरोलीला गेला. त्याची पाळी सातला लागते.

चिऊची शाळा नऊची. पूर्वी ती सातची होती. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ला शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलं रात्री उशिरा झोपतात, पहाटे उठवली की वर्गात पेंगतात, पावसाळ्यात आणि थंडीत आजारी पडतात, अशी कारणं होती. सगळी पटण्यासारखी.

"मग हिला आत्ताच का उठवायचं?" मी विचारते.

"कारण मला आठ दहाच्या आत स्टेशन गाठायचंय," वहिनी पोळी उलटत म्हणते. "आठला व्हॅन येते. आणि मी निघाल्यावर वेण्या कोण घालणार?"

"सरकारनं शाळा नऊची केली," आई फरसबीवरची नजर न काढता म्हणते, "लोकलचा जीआर कोण काढणार?"

सव्वासहा. वहिनी आत जाऊन पंखा बंद करते. हाका मारण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. मिनिटभरात पांघरूण हलतं, आतून आवाज येतो, "आई, पाच मिन्टं."

"पाच मिन्टं संपली."

"कधी?"

यावर उत्तर मिळत नाही. उचलून उभं केलं जातं. डोळे मिटलेलेच, पाय मात्र सवयीनं मोरीकडे वळतात. ब्रशवर पेस्ट लावून मिळते. दोनदा इकडे, दोनदा तिकडे, आणि मग ब्रश तोंडात तसाच ठेवून चिऊ मोरीच्या कट्ट्यावर वाकते. फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघालीय. एका मुंगीच्या तोंडात पांढरं काहीतरी आहे. चिऊचे डोळे आता टक्क उघडे आहेत. पंखा बंद करून जे झालं नाही ते मुंगीनं केलं.

"आत्या, ती अंडं नेतेय. तिचं घर भिजलं असेल ना?"

"चिऊ, चूळ!" आतून हुकूम सुटतो.

गरम पाण्याची बादली अर्धी भरून ठेवलेली. नळाला पाणी पहाटेच येऊन गेलंय. पिंप, कळशी, दोन बादल्या, सगळं भरून तयार आहे. सात मिनिटांत अंघोळ उरकते, त्यातली चार साबणाचा फुगा करण्यात जातात.

हॉलमध्ये बाबांनी, म्हणजे चिऊच्या आजोबांनी, पेपर उघडलाय. जुलैत ते राजकारणाआधी तलाव वाचतात. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा; सातही नावं आणि साठ्याची टक्केवारी मोठ्यानं. बाहेर गटारं वाहताहेत आणि बाबांचं मत आहे, की पाऊस चुकीच्या ठिकाणी पडतोय. मुलुंडला पडून काय उपयोग, तो शहापूरला पडायला हवा. टॉवेलमध्ये गुंडाळलेली चिऊ ऐकते आणि विचारते, "मग ढगांना पत्ता कोण सांगतं?" बाबा पेपर खाली घेतात. उत्तराची तयारी असते, पण चिऊला पेटीकोट घालायला ओढून नेलं जातं.

आता मोजे. पावसाळ्यात मुंबईतलं कुठलंही घर मोज्यांपाशी अडतं. रात्रभर पंख्याखाली दोरीवर टांगलेले चार मोजे, चारही दमट. आई इस्त्री लावते. मोज्यावर इस्त्री टेकली की फुस्स आवाज होतो, वाफ निघते, ओल्या लोकरीचा नि निरम्याचा मिळून एक वास येतो. टाच वाळते, बोटांकडचा भाग वाळत नाही. आई मोजा उलटा करते, पुन्हा फुस्स. चिऊ हे बघायला खास येऊन बसते. गरम मोजा पायात चढवताना तिचा चेहरा असा काही होतो, की तिच्या सकाळीत सक्तीबाहेरचं एक सुख नक्की आहे याची मला खात्री पटते.

सात दहा. वेण्या. वहिनीच्या तोंडात दोन पिना, डाव्या हातात रिबिनी, उजव्या हातात फणी. भांग सरळ पाडायला ती फणीचं टोक वापरते. नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत एकच रेघ. चिऊचं डोकं दर ओढीला मागे जातं. समोर स्टुलावर दुधाचा कप. ओढ संपली की एक घोट, असा व्यवहार ठरलेला दिसतो. दोन्ही वेण्या वर दुमडून बांधून होतात तेव्हा कपात निम्मं दूध उरलंय आणि त्यावर साय धरलीय. सायीचं दूध चिऊ पीत नाही. साय काढलेलंही पीत नाही, कारण त्यात साय होती.

वहिनी स्वतःचे केस आरशात न बघता बांधते. तिचा डबा, पास, छत्री दाराशी. निघताना ती सूचना सोडते: डब्यात पोळीचा रोल आहे, मधल्या सुट्टीत खायचा, कोणाला द्यायचा नाही. रेनकोट हरवायचा नाही. बाईंनी विचारलं तर वही झेरॉक्सवाल्याकडे बायंडिंगला आहे म्हणून सांगायचं. चिऊ प्रत्येकाला "हो" म्हणते. सात पन्नासला वहिनी जिना उतरते.

घर एकदम मोठं वाटतं. आता बाबांची पाळी.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेत आणि नियम छापील असेल तर त्यांना तो पाळायचाच असतो. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो असं वजन दिलंय. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, हे सूत्र. ते कात्रण बाबांकडे आहे. रद्दीवाल्यावर भरवसा नाही म्हणून घेतलेला ताणकाटाही आहे. दप्तराचा पट्टा आकड्यात अडकतो, काटा खाली सरकतो. २.८ किलो.

"बाहेर काढा एकेक," बाबा म्हणतात. पुस्तकं हलवता येत नाहीत. राज्यानं २०२३-२४ साली पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घातली होती, म्हणजे वेगळ्या वह्या न्यायला नकोत. पण वह्या काही सुटल्या नाहीत आणि पुढे ती पानंच गेली. कंपास लागतो. चित्रकलेची वही लागते. मग पाण्याची भरलेली बाटली बाहेर निघते. दप्तर पुन्हा आकड्याला. २.२.

"बसलं नियमात," बाबा जाहीर करतात आणि बाटली चिऊच्या गळ्यात अडकवतात.

चिऊ एकदा काट्याकडे बघते, एकदा गळ्यातल्या बाटलीकडे. काही बोलत नाही. शहाणी आहे.

व्हॅनचा हॉर्न वाजतो. आईचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात, म्हणून सोडायला मी. दुसऱ्या मजल्यावरून खाली जायला मला अर्धं मिनिट पुरेल. चिऊला पुरत नाही. पहिल्या वळणावर खिडकीतून हात काढून पावसाचा अंदाज घ्यायचा असतो. खालच्यांच्या दाराबाहेरच्या मांजराला "मी शाळेत चाललेय" सांगायचं असतं. शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरायच्या असतात आणि उडी चुकली तर पुन्हा वर जाऊन मारायची असते. सहा दहापासून प्रत्येक मिनिट कोणी ना कोणी तिच्यासाठी वाटून ठेवलेलं. हा जिना तेवढा कोणी हिशेबात धरलेला नाही, आणि ते तिला बरोबर ठाऊक आहे. हॉर्न दुसऱ्यांदा वाजतो, तरी मी घाई करत नाही.

पिवळ्या व्हॅनमधून मावशी उतरतात. २०११च्या स्कूलबस नियमांनी गाडीत मुलींसाठी बाई हवीच असं सांगितलं. या मावशींकडे पाहिलं की नियम कधीकधी माणसाच्या रूपात येतो हे पटतं. त्या एका हातानं दप्तर घेतात, दुसऱ्यानं चिऊला उचलून आत ठेवतात, गळ्यातली बाटली काढून दप्तरात कोंबतात. "काचतंय ना पोरीला," मला सांगतात. दप्तर परत २.८. आतून चार-पाच आवाज एकदम, "चिऊ, इकडे, खिडकीत!" चिऊ मागे वळूनही पाहत नाही. तिला मुंगीच्या अंड्याची बातमी द्यायचीय.

मी वर येते तोवर वहिनीचा फोन. मागे गर्दीचा गलका.

"गेली?"

"गेली," आई सांगते. "दूध टाकलं अर्धं."

"असू दे. ग्रुपवर आलंय, उद्या कार्यानुभव आहे. जुने पेपर हवेत, होडी करायला. बाबांना सांगा, आज रद्दी देऊ नका."

बाबा तलावांचं पान घडी घालून बाजूला काढतात. बाकीचा पेपर मात्र होडीसाठी मंजूर करतात.