पाण्यातलं शिखर

कॅमेरा जरा खाली वळवला आणि कुंडाच्या पाण्यातलं देवळाचं शिखर पुसलं गेलं. घाटाच्या पायऱ्या जागेवर, तरंग जागेवर, प्रतिबिंब तेवढं गायब. कॅमेरा वर केला की शिखर पुन्हा हजर.

संगणकावरच्या या देखाव्यात मी वापरलेली पद्धत पडद्यावर रंगवून झालेल्या चित्रातूनच प्रतिबिंब उचलते. शिखर पडद्याच्या कडेबाहेर गेलं की तिच्या लेखी ते नसतंच. म्हणून दुसरा कॅमेरा लावला, पाण्याच्या पातळीखाली, पहिल्याचं प्रतिबिंब जिथे पडेल नेमक्या त्या जागी. त्याला शिखर दिसतं, पण सगळा देखावा दोनदा रंगवावा लागतो. सेकंदाला 60 चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद. टर्नर व्हिटेड यांनी 1980 सालच्या शोधनिबंधात प्रकाशकिरणांचा उलटा माग काढत काचेच्या गोळ्याचं चित्र केलं, तेव्हा त्या एका चित्राला 74 मिनिटं लागली होती! शेवटी प्रतिबिंबाच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली. तरंगांत तो भरडपणा खपून जातो.

तरी पाणी पाणी वाटेना. कुठेही पाहा, अर्धा तळ आणि अर्धं आकाश.

सकाळी बाल्कनीत परात काठोकाठ भरून तिच्यात रुपया टाकला. वरून वाकून पाहिलं तर नाणं लख्ख. डोळा पाण्याच्या पातळीपर्यंत आणत गेलो तसं नाणं विरलं आणि पाण्यावर ग्रिलच्या सळया उमटल्या. सरळ खाली पाहताना पाणी साधारण दोनच टक्के प्रकाश परतवतं. नजर पृष्ठभागाला टेकत आली की जवळजवळ सगळा. मधला चढ सारखा नाही, बराच वेळ सपाट आणि शेवटी एकदम उभा. त्यासाठी क्रिस्टोफ श्लिक यांनी 1994 मध्ये दिलेलं सूत्र एका ओळीत मावतं. मी मात्र दोन्ही चित्रं सरसकट निम्मी-निम्मी मिसळत होतो.

ती ओळ घातली. पायाजवळ पाण्याखालच्या पायऱ्या दिसू लागल्या, पल्याड शिखर. या कामातला हा क्षण मला सगळ्यांत प्रिय आहे.

अपवर्तनासाठी तळाचं चित्र तरंगाच्या उताराप्रमाणे थोडं सरकवून घेतो. त्यात पाण्यातून वर आलेल्या दगडी खांबाचा रंग शेजारच्या पाण्यात ओघळू लागला, कारण सरकवलेला बिंदू थेट खांबावर पडत होता. आता बिंदूची खोली तपासतो. तो पाण्याच्या अलीकडचा निघाला तर न सरकवता मूळ जागचाच रंग घेतो.

खांबाच्या कडेला एक बारीक रेघ अजून थरथरते आहे. आज तिच्यामागे लागलोय.