शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

निरोगी अर्भक जन्मानंतर बहुधा २४ तासांच्या आत काळसर, चिकट असा पहिला मळ टाकते. दोन दिवस उलटले तरी तो पडला नाही, पोट फुगू लागले आणि बाळ हिरवट ओकू लागले, तर घरातील वडीलधारी मंडळी पूर्वी एरंडेलाची बाटली शोधीत. कोठे कोठे आजही शोधतात. ही अवस्था एरंडेलाने सुटणारी नव्हे. अशा बाळांपैकी काहींच्या मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागात विशिष्ट मज्जापेशी जन्मतःच नसतात. या विकारास हिर्शस्प्रुंगचा विकार म्हणतात. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळास तो होतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण जवळजवळ चौपट आढळते.

आतड्यातील अन्न पुढे सरकते ते त्याच्या भिंतींत उठणाऱ्या आकुंचन-प्रसरणाच्या लाटांमुळे. या लाटांचे नियमन करणाऱ्या मज्जापेशी गर्भावस्थेच्या ५ व्या ते १२ व्या आठवड्यांच्या दरम्यान वरून खाली प्रवास करीत येतात. हा प्रवास वाटेतच थांबला की खालचा भाग त्यांच्यावाचून राहतो. तो सैल पडू शकत नाही, सदैव आवळलेला असतो, आणि मळ व वायू त्याच्या वरच्या भागात साचून तो भाग फुगत जातो. कोपनहेगनचे वैद्य हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे अशा दोन अर्भकांची हकीकत मांडली, तेव्हा त्यांची दृष्टी साहजिकच त्या फुगलेल्या आतड्यावर खिळली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ बहुतेक शल्यविशारदांची समजूत तशीच राहिली. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. फुगलेला भाग निरोगी, आणि त्याच्या खालचा, दिसावयास साधा वाटणारा भाग रोगट! १९४८ साली बोस्टन येथे स्वेन्सन व बिल यांनी तो रोगट भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वारापाशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि पूर्वी हातची जाणारी मुले जगू लागली. १९९८ साली मेक्सिकोतील शल्यविशारदांनी हेच काम काही मुलांत पोट न उघडता गुदद्वारावाटे करण्याची रीत प्रसिद्ध केली.

टाके सुकले म्हणजे संकट टळले, अशी आईबापांची समजूत होते, आणि तशी ती व्हावी हे स्वाभाविकच आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतरही, विशेषतः पहिल्या दोनएक वर्षांत, आतड्यास तीव्र दाह होण्याचा धोका असतो. पोट टम्म फुगणे, एकाएकी घाण वासाचे पातळ जुलाब, ताप आणि मूल मलूल होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी साध्या जुलाबावरचे औषध देऊन घरी वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. मुलास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

दुसरा प्रश्न प्राणावर बेतणारा नसतो, पण तो मुलाचे बालपण पोखरतो. काही मुलांना पुढे वर्षानुवर्षे बद्धकोष्ठ राहते, तर काहींचे आतडे इतके चपळ असते की मळ धरून ठेवणेच कठीण जाते. दोन्ही प्रकारांत चड्डी भरते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या मुलास रेचक लागते, तेच दुसऱ्यास दिल्यास त्याची दशा अधिकच वाईट होते. बद्धकोष्ठाच्या मुलात तर घट्ट खड्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत राहतो, आणि ताणलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट झाल्यामुळे मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा मुलास आळशी म्हणून रागावणे, वर्गात उभे करणे किंवा भावंडांदेखत हिणवणे हा निव्वळ अन्याय होय, आणि तो अनेकदा प्रेमळ घरांतूनही घडतो.

यावर उपाय आहेत. जेवणानंतर मोठे आतडे आपोआप चळू लागते. म्हणून न्याहारीनंतर वा जेवणानंतर मुलास घाई न करता शौचास बसविण्याची सवय पुष्कळांना उपयोगी पडते. तेवढ्याने भागत नसेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोज ठराविक वेळी बस्ती देऊन आतडे रिकामे केले जाते, आणि मूल पुढचे २४ तास बहुधा स्वच्छ राहते. गुदद्वारच न घडता जन्मलेल्या मुलांतील ज्यांचे स्नायू व माकडहाड अपुरे असते, त्यांना तर याचाच मोठा आधार असतो. १९९० साली इंग्लंडमध्ये मॅलोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंत्रपुच्छाचे तोंड पोटावर आणून त्यातून वरूनच पाणी सोडण्याची युक्ती वर्णिली. तिच्यामुळे वाढत्या वयाचे मूल दुसऱ्याच्या हाताविना आपली शुद्धी आपणच करू शकते. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना याचे मोल किती वाटते, ते त्यांनाच ठाऊक!

शाळेत मोठी साधने लागत नाहीत. आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास, न विचारता बाहेर जाण्याची मुभा आणि दप्तराच्या तळाशी कपड्यांचा एक जोड एवढ्यावर पुष्कळ निभते. ही गोष्ट एका विश्वासू शिक्षकास सांगून ठेवणे बरे. साऱ्या वर्गास कळण्याचे कारण नाही.

वयाबरोबर बहुतेकांची स्थिती सुधारते. ही मुले शिकतात, नोकरीधंदा करतात, संसार थाटतात. काहींची तक्रार मात्र प्रौढपणीही उरते, आणि नेमक्या याच वयात बालशल्यविशारदाचा दवाखाना सुटतो. नव्या डॉक्टरास जुनी हकीकत ठाऊक नसते. रुग्णासही आपले आतडे किती काढले, कोणत्या पद्धतीने जोडले हे पुष्कळदा सांगता येत नाही, कारण ते सारे तो पाळण्यात असताना घडलेले असते. म्हणून शस्त्रक्रियेचे कागद आईने दागिन्यांच्या डब्याइतकेच जपून ठेवावेत, आणि मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की ते समजावून सांगून त्याच्याच स्वाधीन करावेत.