नवेगावबांध : आधी तलाव, मग वाघ

राष्ट्रीय उद्यानाला जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न एकच निघतो : 'वाघ दिसतो का हो तिथे?' परत आल्यावर शेजारपाजारचेही तेच विचारतात. दिसला असेल तर सहल सार्थकी लागली, नसेल तर पैसे पाण्यात गेले! आता मी ज्या जागेची शिफारस करणार आहे तिथे पैसे पाण्यातच घालायचे आहेत. कारण तिथलं सगळं मोल पाण्याचं आहे. ती जागा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध.

येत्या डिसेंबरात माझी लेक, जावई आणि दोन नातवंडं फ्लोरिडाहून येताहेत. चार मोकळे दिवस हाती आहेत. 'नवेगावबांधला जाऊ,' असं मी सुचवलं, तर लेक फोनवर म्हणाली, ''बाबा, आम्ही एव्हरग्लेड्स पाहिलंय. एवढ्या लांबून येऊन पुन्हा तळंच बघायचं? तुमच्या नवेगावात वेगळं असं काय आहे?'' प्रश्न रास्त होता. फोनवर उत्तर नीट देता आलं नाही. फोनवर कोणतंच उत्तर नीट देता येत नाही. म्हणून ते इथे सविस्तर देतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हिवाळी सुटीचे बेत चालले असतील, त्यांनाही ते उपयोगी पडावं.

आधी थोडी जुजबी माहिती. नवेगावबांध हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. इथलं राष्ट्रीय उद्यान १९७५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. २०१३ साली नवेगाव, नागझिरा, कोका वगैरे जंगलं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण गावाच्या नावातला 'बांध' या सगळ्याच्या फार आधीचा आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला आणि जुन्या मोजमापानं सतरा मैल घेराचा हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला, असं मानतात. म्हणजे उद्यान पन्नास वर्षांचं, तर तलाव तीनशे वर्षांचा. आणि तो 'बांधला' गेला, हीच त्यातली मुख्य गोष्ट. डोंगरांच्या कुशीतलं ते पाणी पाहून कुणालाही वाटेल, की हे निसर्गाचंच देणं. पण डोंगरांमधल्या खिंडी माणसांनी पाळ घालून अडवल्या, तेव्हा कुठे ते पाणी तिथे थांबलं.

ज्यानं हे काम केलं त्याचं नाव कोलू पाटील कोहळी. कोहळी ही तलाव बांधणाऱ्यांची जात. चांद्याच्या गोंड राजानं काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणलं, अशी त्यांच्यात परंपरेनं चालत आलेली कथा आहे. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा त्या राजवटीतला रिवाज सांगतात. कोहळ्यांनी तलाव बांधले, त्याखाली धान आणि ऊस पिकवला. कोलू पाटलाला लोकांनी पुढे देवच केलं. तलावाभोवतीच्या एका टेकडीवर कोलासुर देवाचं ठाणं आहे, तो हा कोलू. भोवतालच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. बांध पुरा करायला या सातजणींनी हात लावला, अशी श्रद्धा. राजेरजवाड्यांची देवळं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाणी अडवणाऱ्या एका पाटलाला देवपण मिळाल्याची उदाहरणं मात्र मोजकीच.

एव्हाना कुणी विचारील, एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात तलाव हवेत कशाला? पाऊस चांगला असतो, पण त्याचा हिशेब चार महिन्यांचा. धानाला नेमकी तहान लागते ती शेवटी, लोंबी भरायच्या वेळी, आणि बहुतेक तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. अशा वेळी तलावाचं तुडूम उघडायचं (तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची मोरी) आणि पाटानं पाणी बांधीत घ्यायचं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्या बोडीत, अशी साखळीच असे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे लहानमोठे हजारो तलाव आहेत. मालगुजारांच्या काळात ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात.

या पाण्याची खरी किंमत मला पुस्तकातून कळली नाही, ती बँकेच्या नोकरीत कळली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच भागातल्या एका शाखेत मी पीककर्जं देत होतो. कर्ज मागणाऱ्याची पत तपासायची म्हणजे सातबारा, जुनी बाकी, जामीनदार, हे सगळं आलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या टेबलासमोर बसून एकदा शांतपणे सांगितलं, ''साहेब, फाइल काय पाहता? तलाव पाहा न जी.'' त्यानंतर पाहणीला गेलो, की मी आधी पाळीवर चढत असे. आश्विनात तलाव काठोकाठ असला, की त्या गावची वसुली बिनघोर होई. तलाव अर्धा असला, की जामीनदार कितीही भक्कम असो, उपयोग नसे. तारण कागदावर असतं असं बँकेनं शिकवलं होतं. इथे ते पाळीच्या आत होतं, आणि साऱ्या गावाचं मिळून एकच होतं.

त्याच तारणावर पक्षीही जगतात. तलावाला काठाशी उथळ पाणी, मग कमळं-पाणवनस्पती, मग खोल पाणी अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीचा भाडेकरू वेगळा. काठच्या चिखलात तुतवार, पानांवरून चालणारा कमळपक्षी, लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी, मोकळ्या पाण्यात काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी. (या पक्ष्याला 'वारकरी' म्हणणाऱ्या अनाम माणसाला माझा नमस्कार!) नोव्हेंबरनंतर उत्तरेकडून पाहुणे येतात : तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक. हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात. ही पक्ष्यांची नावं आणि त्यांची जीवनकहाणी ज्यांनी मराठीत रुजवली, ते मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथेच राहिले होते. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक या मुक्कामाचंच. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. प्रवासाला निघण्यापूर्वी घरात एकानं तरी हे पुस्तक वाचावं. दुर्बिणीइतकंच ते उपयोगी आहे.

आणि सारस. माणसाएवढा उंच, करडा, लाल मानेचा हा पक्षी जोडीनं राहतो आणि ती जोडी सहसा मोडत नाही. महाराष्ट्रात तो आज जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे, आणि सगळे मिळून पन्नासही नाहीत. त्याचं घरटं अभयारण्यात नसतं. ते असतं बोडीच्या काठी, नाही तर थेट शेतकऱ्याच्या बांधीत. म्हणजे वाघाला कुंपण घालून वाचवता येईल, सारसाला येणार नाही. तो वाचायचा तर तलाव, धान आणि शेतकऱ्याची मर्जी, तिन्ही टिकायला हवीत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, ती उगीच नव्हे.

कारण तलावांची तब्येत बरी नाही. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे आले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मालगुजारी गेली ते योग्यच झालं, तिचा जाच सोसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण पूर्वी उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढी, पाळ बुजवी, ते काम हळूहळू कुणाचंच राहिलं नाही. गाळ साचला. काठावर 'बेशरम' माजली. ही झुडपं मूळची अमेरिकेतली, नावाप्रमाणेच कुठेही उगवणारी. पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, तसे मासे गेले, आणि तलावावर पोट असलेल्या ढीवर समाजाचं जाळं रिकामं येऊ लागलं. अलीकडच्या वर्षांत याच तालुक्यातल्या ढीवर बायांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परत येतात, पाठोपाठ पक्षी येतात. कोलू पाटलाचं काम त्यांनी पुढे चालवलं आहे, असं मला वाटतं.

आता लेकीच्या एव्हरग्लेड्सविषयी. १९४७ साली झालेलं ते राष्ट्रीय उद्यान फार मोठं, गवतातून संथ वाहणाऱ्या पाण्याचं. शेती आणि शहरांसाठी तिथल्या लोकांनी कालवे काढून ते पाणी समुद्राकडे वळवलं, निम्मीअधिक पाणथळ सुकवली, आणि २००० सालापासून अब्जावधी डॉलर खर्चून तेच पाणी पुन्हा जागेवर आणायची खटपट चालू आहे. आपलं भरतपूर घ्या. जगभर नावाजलेलं ते पक्षीतीर्थही अजान बांधाच्या पाण्यावर उभं आहे. बांधातून पाणी आलं नाही, त्या वर्षी पक्षीही फिरकत नाहीत. नवेगावचं वेगळेपण मी लेकीला असं सांगीन : तिथे माणसानं पाणी घालवलं आणि मग उद्यान राखलं, इथे माणसानं पाणी थांबवलं, म्हणून उद्यान झालं.

तेव्हा बेत असा. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचवते. कोल्हापूर-पुण्याकडच्यांना महाराष्ट्र एक्स्प्रेस. तिला वेळ जास्त लागतो, डबा भरपूर घ्यावा. गोंदियाहून गोरेगाव, कोहमारामार्गे नवेगावबांध सुमारे पासष्ट किलोमीटर. नागपूरहून मोटारीनं आलात तर साकोलीवरून कोहमाऱ्याला वळायचं. हौस असेल तर गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरच्या देवलगाव स्थानकावर उतरावं. मी होतो तेव्हा तिथे अरुंद मापाची झुकझुक गाडी होती, आता रुळ मोठे झाले आहेत. राहण्याची जागा आणि सफारी, दोन्हींची नोंदणी आधी करावी. पावसाळ्यात जंगल बंद असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडी मात्र कडक, विदर्भात गोंदियाचा पारा पुष्कळदा सगळ्यांत खाली असतो. नातवंडांचे स्वेटर आणि कानटोप्या विसरू नका.

दोन मुक्काम तरी हवेतच. सफारी एकच ठेवा. वाघ दिसला तर आनंद, नाही तर रानगवा, अस्वल, चितळ आहेतच. बाकीच्या दोन्ही सकाळी पाण्याच्या. उजाडायच्या आत काठावर जा, बोलू नका, भडक कपडे नकोत. नावेत बसायचं तर नाववाल्याचं ऐका. थवा उठवायला त्याला सांगू नका. दुपारी इटियाडोह धरण आणि गोठणगावची तिबेटी वसाहत पाहून होते. १९७०च्या दशकात आलेली ही माणसं आता इथलीच झाली आहेत. रात्री जवळपास झाडीपट्टीतलं नाटक असेल तर पांघरूण घेऊन जरूर बसा. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम असतो. सारस पाहायचा तर परत जाताना गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिली तलावांकडे वळा, पण त्याच्या जवळ जाऊ नका. बांधीतून चालायचं तर शेताच्या मालकाला विचारून.

आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्यामुळे कोलासुराच्या टेकडीवर आम्ही दोघं बहुधा चढणार नाही, नातवंडांना पाठवू. आम्ही पाळीवरच फिरू. तिथे एका हाताला भरलेला तलाव असतो आणि दुसऱ्या हाताला कापणी झालेल्या बांध्या, त्यांत रचून ठेवलेली धानाची पुंजणी. दोन्हींच्या मधे आपण उभे असतो ती मातीची भिंत, फार तर काही पावलं रुंद. लेकीला मी तिथे उभी करणार आहे. तिनं दोन्हीकडे एकेकदा पाहिलं, की मला आणखी काही सांगावं लागणार नाही.