शिकारी नव्हे, रसावर जगणाऱ्या मुंग्या

पेरूच्या वर्षावनात एकाच झाडावर ४३ जातींच्या मुंग्या सापडल्याचं मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी १९८७ साली नोंदवलं. अख्ख्या ब्रिटनमध्ये जवळपास तेवढ्याच जाती आहेत. अशा झाडांच्या शेंड्यांवरच्या कीटकांत मुंग्यांचाच भरणा अनेकदा सर्वात मोठा असतो. इथे शंका रास्त आहे: मुंग्या शिकारी असतील, तर भक्ष्याहून शिकारी जास्त कसे? उत्तर २००३ साली मिळालं. पेरू आणि ब्रुनेईतल्या मुंग्यांच्या शरीरातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून दिसलं, की शेंड्यांवरच्या अनेक जाती मुख्यतः झाडांचा गोड स्राव आणि रस शोषणाऱ्या किडींनी सोडलेला चिकट द्रव यांवर जगतात. मग या मुंग्या झाडाला निव्वळ भार? तसंही नाही, त्यांतल्या कित्येक पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात. म्हणून वर्षावनातल्या मुंग्यांना सरसकट शिकारी म्हणणं चूक आहे.