नारळ न फोडता

कसाल येथे मुंबई-गोवा महामार्गापासून मालवणची वाट फुटते. तेथील बाजारात नारळ घेणारी जाणती गृहिणी तो फोडून पाहत नाही. कानाशी नेऊन हलवते. पाणी कसे वाजते, यावरून आतील खोबऱ्याचा अंदाज तिला येतो. नवजात बालकाच्या मेंदूची परीक्षाही अशीच बाहेरून करावी लागते. आतील द्रव्ये मोजण्यासाठी इवल्या बालकाची कवटी उघडणे कोणाला रुचेल?

या कामी चुंबक उपयोगी पडतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे जणू एक सूक्ष्म चुंबकच. त्याला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींनी डिवचले, की तेही लहरींच्याच रूपाने उत्तर देते. मौज अशी, की हायड्रोजनचे शेजारी बदलले म्हणजे त्याचा सूरही किंचित बदलतो. 1951 साली अमेरिकेत आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनी मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे सूर दाखवून दिले. पुढे धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हेच संशोधन चालवले.

याच रीतीने पुढे मेंदूचे सूर ऐकता येऊ लागले. नवजात बालकाच्या मेंदूत कोलीनयुक्त द्रव्ये व मायो-इनोसिटॉल विपुल असतात. चेतापेशींतील एन-ॲसिटिल-ॲस्पार्टेट मात्र थोडे. पहिल्या काही वर्षांत ते झपाट्याने वाढते आणि आधीची दोन्ही मागे पडतात. या तपासणीत क्ष-किरण नाहीत, सुईही नाही. यंत्राचा खडखडाट तेवढा फार. म्हणून बाळाला दूध पाजून निजवतात व त्याचे कान झाकतात.

जन्मतेवेळी प्राणवायूवाचून गुदमरलेल्या बालकांना या विद्येचा विशेष आधार मिळाला. 1983 च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी अशा बालकांच्या मेंदूतील फॉस्फरसचा सूर ऐकला. कारण पेशींना शक्ती पुरवणाऱ्या द्रव्यांत फॉस्फरस असतो. श्वास सुरू झाल्यावर ही द्रव्ये पूर्ववत होत, आणि काही तासांनी पुन्हा घसरत. म्हणजे मध्ये उपचाराला अवसर होता! बालकाचे शरीर तीन दिवस 33 ते 34 अंश सेल्सिअसवर थंड ठेवण्याच्या उपचाराला या शोधाने बळ दिले, व पाश्चात्त्य देशांत पुष्कळ बालके त्यामुळे वाचली.

परंतु मुंबईसह भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत 408 बालकांवर हा उपचार पारखला, तेव्हा लाभ दिसला नाही. उलट मृत्यू अधिक झाले. हा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांचा एक तर्क असा, की येथील अनेक बालकांच्या मेंदूला जन्मापूर्वीच इजा होत असावी, आणि तो मधला अवसर त्यांच्या वाट्याला येतच नसावा.