ओल्या कचऱ्यातून रसायने

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा होय. कचराभूमीत हे अन्न हवेविना कुजते व त्यातील मिथेन वातावरणात मिसळतो. हीच क्रिया बंद टाकीत घडविल्यास तोच मिथेन इंधन ठरतो. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालेला जैव-सीएनजी प्रकल्प याच तत्त्वावर उभारण्यात आला असून दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता आहे.

तथापि मिथेन हा या क्रियेचा केवळ अखेरचा टप्पा होय. प्रारंभी पिष्ट, प्रथिने व मेद यांचे विघटन होऊन शर्करा, अमिनो आम्ले व मेदाम्ले सुटी होतात. जीवाणू त्यांचे रूपांतर ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशा आम्लांत करतात. त्यापुढेच मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे काम सुरू होते. हे सूक्ष्मजीव मंद गतीने वाढतात आणि त्यांना उदासीन सामू मानवतो. म्हणून टाकीतील सामू कमी राखला व मिश्रण थोडेच दिवस ठेवले, तर क्रिया आम्लांपाशीच थांबविता येते. द्रावके, खाद्य परिरक्षके व प्लॅस्टिके यांच्या उत्पादनात ही आम्ले लागतात आणि आज ती प्रामुख्याने खनिज इंधनांपासून बनविली जातात.

लॅक्टिक आम्लाची गोष्ट थोडी वेगळी आहे. दह्याला आंबटपणा देणारे हे आम्ल उद्योगातही किण्वनानेच तयार होते. परंतु त्यासाठी मका, ऊस अशी पिके वापरली जातात. त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल हे जैवविघटनशील प्लॅस्टिक मिळते. शिळा पाव, भात किंवा बटाट्याच्या साली यांतील पिष्टही या कामी येऊ शकते. अन्न वाया न जाणे केव्हाही श्रेयस्कर; पण जे वाया गेलेच, त्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल.

मग असे कारखाने सर्वत्र का दिसत नाहीत? मिथेन वायुरूप असल्याने टाकीतून आपोआप वेगळा होतो. आम्ले मात्र पाण्यात विरघळलेली, तीही अल्प प्रमाणात व एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांना वेगळे करण्यातच खर्चाचा मोठा भाग जातो. शिवाय कचऱ्याचे घटक रोज बदलतात. लग्नसराईतील कचरा आणि भाजी मंडईतील कचरा एकसारखा नसतो.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ अन्वये मानवी आहारास अयोग्य धान्य व सडलेले बटाटे यांपासून इथेनॉल बनविण्यास मुभा मिळाली. असा माल गोदामांत एकजिनसी व एकत्र सापडतो. घरगुती ओल्या कचऱ्याबाबत हे साध्य होण्यासाठी तो घरातच वेगळा व्हावा लागतो. इंदूरमध्ये घरोघरी वर्गीकरणाची व्यवस्था आधी रुजली. प्रकल्प त्यानंतर उभा राहिला.